‘ओदोरिको’ : एक कथा व एक आगगाडी

कवाबाता यासुनारी या जपानी लेखकाची ‘इझू नो ओदोरिको’, म्हणजे ‘इझूची नर्तकी’, ही कथा 1926 सालच्या जानेवारी व फेब्रुवारी या दोन महिन्यांत ‘बुन्गेइ जिदाइ’ नांवाच्या मासिकांतून प्रसिद्ध झाली. त्यानंतर पंचावन्न वर्षांनीं, 1981 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस, जपानच्या सरकारी रेल्वेनें तोक्योहून इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यास जाणाऱ्या आपल्या विशेष जलद गाडीचें नांव ‘ओदोरिको’ असें ठेविलें. कथा आजहि वाचली जाते आणि गाडी आजहि धांवते. आगगाडीच्या नांवाशीं वाङ्मयाच्या टीकाकारास काय कर्तव्य, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, कथेच्या नायिकेचें नांव उचलून एखाद्या वस्तूस देणें ही त्या कथेवरची एक टीकाच होय. ती लेखी नसते, तिच्यावर वादप्रतिवाद होत नाहींत, आणि कोणत्याहि परीक्षणापेक्षां कितीतरी अधिक माणसें ती रोज फलाटावर वाचतात. तेव्हां ही टीका मूळ ग्रंथास धरून आहे कीं नाहीं, हें पाहणें आपल्या अधिकाराबाहेरचें मानूं नये.

प्रथम कथा पाहूं. कवाबातांचा जन्म 1899 सालचा, ओसाका येथला. ते तान्हे असतांनाच आईबाप वारले. पुढें आजी, बहीण आणि शेवटीं 1914 सालीं आजोबा, अशीं घरचीं सारीं माणसें एकामागून एक गेलीं. 1918 च्या शरदृतूंत, तोक्योच्या पहिल्या वरिष्ठ विद्यालयांत शिकत असतां, ते एकटेच इझूच्या प्रवासास निघाले आणि वाटेंत त्यांस फिरत्या तमासगिरांचें एक बिऱ्हाड भेटलें. कथा या प्रवासावर उभारलेली आहे. प्रथम 1922 सालीं त्यांनीं या आठवणींचा एक कच्चा खर्डा केला होता; त्यांतूनच पुढें ही कथा निघाली. 1968 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां जगानें त्यांच्या पुढच्या कादंबऱ्यांचें कौतुक केलें. परंतु जपानी घरांतून मुलांच्या हातीं प्रथम पडते ती बहुधा हीच लहानशी कथा.

कथेंत घडतें तें फारच थोडें. विद्यार्थी शुझेन्जीस एक व युगाशिमास दोन रात्री काढून आमागी घाट चढूं लागतो. माथ्याजवळच्या चहाच्या झोपडींत त्यास ते तमासगीर भेटतात: एइकिची नांवाचा तरुण, त्याची बायको चियोको, सासू, ओशिमा बेटावरून आणलेली एक कामकरी मुलगी, आणि एइकिचीची धाकटी बहीण काओरु, जी ढोल वाजविते आणि नाचते. विद्यार्थ्याच्या अंदाजानें ती सतरा वर्षांची. झोपडीवाली म्हातारी त्या लोकांविषयीं तुच्छतेनें बोलते. असल्यांच्या मुक्कामाला धरबंध कसला, असा तिचा सूर असतो, आणि त्या बोलण्यानें मुलाच्या मनांत नको तो विचार शिरतो. युगानो येथें रात्रीं पलीकडच्या घरांतून ढोलाचा आवाज येत असतो तोंवर त्याचें मन स्वस्थ राहतें. आवाज थांबला कीं तें काय काय कल्पूं लागतें. दुसऱ्या सकाळीं नदीपलीकडच्या न्हाणीघरांतून ती मुलगी तशीच उघडी बाहेर धांवते, दोन्ही हात उंचावून ओरडूं लागते, आणि त्यास एकदम कळतें कीं हें तर पोर आहे. तिचें खरें वय चौदा. त्याच्या मनावरचें मळभ सरतें आणि तो हंसतच सुटतो.

या हंसण्याकडे नीट पाहिलें म्हणजे कळतें कीं ही प्रेमकथा नव्हे. ‘इझूची नर्तकी’ ही प्रेमकथा आहे हा समज चित्रपटांनीं दृढ केला. 1933 पासून 1974 पर्यंत तिच्यावर सहा चित्रपट निघाले. पहिल्या मूकपटांत तानाका किनुयो होती, शेवटच्यांत यामागुची मोमोए ही त्या काळची लोकप्रिय गायिका. तरुण व नांवाजलेल्या नट्या घेतल्या म्हणजे प्रेक्षक जें पाहावयास येतो तें त्यास दाखवावेंच लागतें. मूळ कथेंत मात्र विद्यार्थ्याची वासना विरून जाते आणि तिच्या जागीं एक निर्मळ मोकळेपणा येतो, हाच तिचा मुख्य व्यापार आहे.

आणि हा मोकळेपणा त्यास पायीं चालल्यानेंच मिळतो. युगानोहून शिमोदा बंदराकडे जातांना मंडळी डोंगरांतली जवळची पाऊलवाट धरतात. विद्यार्थी पुढें, मागोमाग ती मुलगी. इतर मागें राहतात. ती त्याच्यामागें सुमारें चार हातांचें अंतर ठेवून चालते आणि तें अंतर वाढूं देत नाहीं कीं कमी होऊं देत नाहीं. तो थांबला कीं ती थांबते. तो बोलला कीं तेवढ्यापुरतें उत्तर देते. पुढें ती त्याच्यासाठीं काठी म्हणून बांबू उचलून आणते. इतका जाड बांबू चोरलेला म्हणून ओळखूं येईल असें भाऊ म्हणतो, तेव्हां ती तो परत ठेवून दुसरा बारीक घेऊन येते. झऱ्याशीं बायका पाणी न पितां थांबून राहतात: बायकांचे हात लागल्यावर पाणी गढूळ होईल, म्हणून आधीं त्यानें प्यावें. मग उतारावर त्या दोघी-तिघींचें आपसांतलें बोलणें त्याच्या कानीं पडतें; माणूस चांगला आहे, एवढाच त्याचा मतलब. अनाथपणानें आपलें मन वांकडें झालें आहे अशा खेदानें घर सोडून निघालेल्या मुलास हें साधें वाक्य औषधासारखें लागूं पडतें. वर्गांत ही कथा लावितांना मी घाटाचा नकाशा फळ्यावर काढून दाखवितों. मुलें प्रथम कुरकुरतात. कथेला भूगोल कशाला, असें त्यांस वाटतें. परंतु चार हातांचें अंतर मैलोगणती तसेंच टिकून राहतें म्हणजे काय, हें चढ-उतार डोळ्यांपुढें आल्याखेरीज कळत नाहीं.

आतां गाडी. ती मीं पाहिलेली नाहीं, तिचा मार्ग व इतिहास मात्र वाचला आहे, आणि प्रस्तुत विषयास तेवढें पुरेसें आहे. तोक्योहून निघून ती योकोहामावरून आतामीपर्यंत 104.6 किलोमीटर मोठ्या तोकाइदो मार्गानें येते. तेथून समुद्राच्या कडेनें इतो गांवापर्यंत 16.9 किलोमीटरचा फांटा आहे. तो 1938 सालीं पुरा झाला. इतोपासून पुढें 45.7 किलोमीटर इझू क्यूको या खासगी कंपनीचा मार्ग लागतो आणि तो शिमोद्यास संपतो. हा शेवटचा तुकडा 1961 च्या डिसेंबरांत उघडला. म्हणजे कथेंतला विद्यार्थी शिमोद्याहून बोटीनेंच परतला याचें कारण उघड आहे. सबंध प्रवास 167.2 किलोमीटरांचा, अडीच-पावणेतीन तासांचा. अशा गाडीस जपानींत ‘तोक्क्यू’ म्हणतात. तिकिटाच्या दामाखेरीज तिच्या वेगाचें दाम वेगळें मोजावें लागतें.

परंतु याच गाडीस दुसरें एक शेंपूट आहे, आणि माझ्या विषयाचें मर्म तेथें आहे. 1981 पासून कांहीं फेऱ्यांत आतामी येथें गाडीचे दोन तुकडे होत आले: एक किनाऱ्यानें शिमोद्याकडे, दुसरा तान्ना बोगद्यांतून मिशिमास आणि तेथून 19.8 किलोमीटरच्या सुन्झू मार्गानें शुझेन्जीस. 2021 सालीं जुने डबे जाऊन नवे आले, तेव्हांहि ही वांटणी ठेवण्यांत आली. वाचकांनीं क्षणभर हीं दोन नांवें शेजारीं ठेवून पाहावीं. शुझेन्जी हा कथेंतल्या प्रवासाचा आरंभ, शिमोदा हा शेवट. त्या दोहोंच्या मध्यें आमागीचा डोंगर. आणि त्या डोंगरांतून रूळ आजवर कोणी टाकलेला नाहीं. म्हणजे ‘ओदोरिको’ गाडीचा एक हात कथेच्या पहिल्या पानापाशीं पोंचतो व दुसरा शेवटच्या पानापाशीं, आणि मधला घाट, चहाची झोपडी, युगानोची नदी, तो बांबू, तो झरा, तीं चार हात, हें सारें दोन्ही हातांच्या पकडीबाहेर राहतें. हा रेल्वेचा दोष नव्हे. डोंगर तसाच आहे. पण नांव ठेवणाऱ्यानें मुद्दाम योजूनहि याहून नेमका विरोध साधला नसता.

तान्ना बोगद्याचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट येथें नोंदून ठेवितों. 7,804 मीटर लांबीचा हा बोगदा खणण्यास सोळा वर्षें लागलीं आणि त्यांत 67 माणसें दगावलीं. तो 1934 सालीं खुला झाला. काम सुरू झालें तें साल 1918, म्हणजे कवाबातांनीं आमागी ओलांडला तेंच. एक मुलगा घाट चढून जात होता आणि त्याच द्वीपकल्पाच्या मुळाशीं मजूर डोंगर पोखरूं लागले होते.

नांवाविषयीं आणखी बोललें पाहिजे. आगगाड्यांस नांवें देण्याची जपानी चाल 1929 सालीं सुरू झाली. त्या वेळीं लोकांचीं मतें मागवून ‘फुजी’ व ‘साकुरा’ हीं दोन नांवें निवडलीं गेलीं. पर्वत, फूल, पक्षी, वारा, समुद्राचा प्रवाह, अशींच नांवें पुढें बहुतेक गाड्यांस मिळालीं. त्यांत कोणाची मानहानि नाहीं आणि कोणाचा गौरवहि नाहीं. पुस्तकावरून नांव ठेवणें ही निराळी गोष्ट. आपल्याकडे 1977 सालीं मुंबईहून हावड्यास ‘गीतांजली’ निघाली. आणि 2017 सालीं दादर-सावंतवाडी गाडीस केशवसुतांच्या कवितेवरून ‘तुतारी’ हें नांव मिळालें. केशवसुत मालगुंडचे, गाडी कोंकणची, आणि इंजिनाची शीळहि तुतारीच्या जवळची. तेव्हां नांव शोभतें. जुन्या रूढींवर घाला घालण्यास पुकारणारी ती तुतारी, गणपतीच्या दिवसांत दादरच्या फलाटावर बोचकीं सांभाळीत उभ्या असलेल्या चाकरमान्यास किती ऐकूं येते, हा प्रश्न मी येथें सोडून देतों. कारण ‘ओदोरिको’ हें कवितेचें नांव नाहीं. ती एक मुलगी आहे, आणि तीहि अशी कीं जिला गांवांत शिरण्याची बंदी होती.

ही अतिशयोक्ति नव्हे. शिमोद्याच्या वाटेवर गांवांच्या वेशींवर भिकाऱ्यांस व फिरत्या तमासगिरांस मज्जाव करणाऱ्या पाट्या लागतात, असें कथेंत स्पष्ट आहे. कवाबाता त्यांवर भाष्य करीत नाहींत. एका ओळींत सांगून पुढें जातात, आणि ती ओळ मनांत सलत राहते. आपल्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. फडावरचा नाच रात्रभर पाहावा आणि सकाळीं फडकऱ्यांस पाणी वरून ओतावें, हें महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. ज्या मुलीच्या जातीस एकेका गांवानें वेशीवर अडविलें, तिचें नांव साऱ्या द्वीपकल्पानें पुढें आपल्या दारावर लाविलें. कावाझूच्या धबधब्यांपाशीं तिचा व विद्यार्थ्याचा पुतळा आहे. घाटांतल्या पायवाटेस तिचें नांव आहे. गाडी तिच्या नांवाची. हा न्याय म्हणावा कीं विसर?

कोणी म्हणेल, न्यायच. मलाहि प्रथम तसें वाटलें असतें. परंतु ज्या काळांत हें नांव जन्मलें त्या काळाकडे पाहिलें म्हणजे मन साशंक होतें. 1970 सालीं सरकारी रेल्वेनें ‘डिस्कव्हर जपान’ नांवाची एक मोठी जाहिरात-मोहीम काढली. शहरांतल्या तरुण माणसांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, घरगुती व आडबाजूच्या जपानांत जाऊन स्वतःस शोधावें, असा तिचा रोख होता. तिच्या जपानी उपशीर्षकासाठीं कवाबातांच्या नोबेल-व्याख्यानाचें शीर्षकच घेतलें, फक्त एका अव्ययाचा फरक करून. व्याख्यानाचें शीर्षक मराठींत ‘सुंदर जपानचा मी’ असें होईल. जाहिरातीचें झालें ‘सुंदर जपान आणि मी’. षष्ठी गेली आणि उभयान्वयी अव्यय आलें. व्याकरणांत हा बदल एका अक्षराचा आहे, पण अर्थानें तो सबंध वृत्तीचा आहे. पहिल्यांत ‘मी’ त्या भूमीचा एक अंश आहे, तिनें घडविलेला. दुसऱ्यांत ‘मी’ एका बाजूस उभा आहे, जपान दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें काय? मध्यें तिकीट. ‘ओदोरिको’ हें नांव अकरा वर्षांनीं आलें, परंतु तें याच मोहिमेचें अपत्य आहे असें माझें मत आहे. त्यांत काओरु ही ‘आणि’च्या पलीकडची झाली: पाहण्याची, आठवण काढण्याची, सुंदर जपानांतली एक वस्तु.

गाडीच्या डब्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा कल अधिकाधिक स्पष्ट होत गेलेला दिसतो. 1981 सालच्या डब्यांचा रंग पांढरा, त्यावर हिरवे तिरपे पट्टे. ते काटकसरीचे होते: त्यांच्या खिडक्या उघडतां येत, आणि तेच डबे सकाळ-संध्याकाळ कचेरीस जाणाऱ्या साध्या उतारूंच्या गाड्यांसहि जोडीत. जागा राखून न ठेवतां चढतां येईल असे डबेहि तेव्हां गाडीला असत. चैनी उतारूंनीं त्यांस नांवें ठेविलीं असतील. मला विचारल्यास तमासगिराच्या मुलीचें नांव ज्या गाडीस द्यावें ती अशीच असावी. जी सकाळीं कारकुनांस पोंचविते आणि दुपारीं समुद्राकडे जाते, तिला पोट भरण्यासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या मुलीची कांहीं तरी लाज आहे. 1990 सालीं उंच बैठकींच्या व मोठ्या कांचांच्या डब्यांची दुसरी गाडी आली. 2020 च्या मार्चमध्यें तिच्या जागीं ‘साफीर ओदोरिको’ सुरू झाली. साफीर म्हणजे फ्रेंच भाषेंत नीलमणि. तिचे आठहि डबे वरच्या वर्गाचे, ज्यास तेथें हिरवा वर्ग म्हणतात आणि जो पूर्वीच्या पहिल्या वर्गाच्या जागीं आला. छपराच्या कडेलाहि खिडक्या, म्हणजे आकाश दिसावें. आणि शेवयांचे ताजे पदार्थ करून देणारें स्वयंपाकघर. 2021 सालीं साध्या ‘ओदोरिको’चे पांढरे-हिरवे डबे गेले, दुसऱ्या मार्गावरचे डबे दुरुस्त करून आणले, आणि तेव्हांपासून तिच्यांतहि सर्व जागा राखीव झाल्या. वेशीवरच्या पाट्या केव्हांच गेल्या. पण ज्या गाडींत खालचा वर्गच नाहीं, तिच्या कपाळीं काओरुचें नांव लिहिलेलें पाहून कवाबातांची ती एक ओळ आठवल्यावांचून राहत नाहीं.

मी आगगाडीचा द्वेष्टा आहें असें कोणी समजूं नये. आणि कवाबाताहि नव्हते. त्यांची ‘युकिगुनि’ ही कादंबरी, म्हणजे ‘हिमभूमि’, 1937 सालीं पुस्तकरूपानें आली, आणि तिचा आरंभ आगगाडींतच होतो; 1931 सालीं उघडलेल्या शिमिझू बोगद्यांतून गाडी बाहेर पडते तीच एका वेगळ्या जगांत. त्या प्रकरणांत शिमामुरा नांवाचा नायक संध्याकाळीं खिडकीच्या कांचेंत समोरच्या बाकावरच्या मुलीचें प्रतिबिंब पाहत असतो. कांचेपलीकडे अंधारत चाललेला डोंगर, कांचेंत तिचा चेहरा, आणि एका क्षणीं दूरचा दिवा तिच्या डोळ्याच्या ठिकाणीं येऊन लुकलुकतो. आगगाडीच्या खिडकीवर याहून सरस असें कांहीं माझ्या वाचनांत नाहीं. परंतु तें कोणाच्या वांट्यास दिलें आहे हें पाहावें. शिमामुरा हा वाडवडिलांच्या पैशावर जगणारा, न पाहिलेल्या पाश्चात्य नृत्यावर लेख लिहिणारा गृहस्थ आहे. कांच त्यास सौंदर्य देते आणि त्याबद्दल त्याजकडून कांहींच मागत नाहीं. समोरच्या मुलीस आपण पाहिले जात आहों याची खबरहि नसते. खिडकी काय देते आणि काय देऊं शकत नाहीं, याचा हिशेब कवाबातांइतका चोख कोणी मांडला नाहीं. म्हणूनच ‘इझूच्या नर्तकी’त त्यांनीं आपल्या मुलास कांचेमागें बसविलें नाहीं. त्याला उंच टाचांच्या लांकडी खडावा घालून धुळींत चालविलें.

आणि तरीहि या कथेंतला विद्यार्थी शिमामुराचा दूरचा भाऊ आहे, हें मला नमूद केलें पाहिजे. येथें माझें आणि कथेच्या बहुतेक भक्तांचें पटणार नाहीं. मुलगा निर्मळ होतो, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतें, हें खरें; परंतु सबंध कथेंत तो देतो तें पैशाच्या रूपानें, आणि घेतो तें मात्र पैशाच्या पलीकडचें. झोपडींतल्या म्हातारीस तो चांदीचें नाणें देतो, तेव्हां ती बिचारी ओशाळून त्याची पिशवी उचलून कितीतरी वाट मागें येते. एइकिचीस तो वरच्या मजल्यावरून कागदांत गुंडाळलेले पैसे टाकतो. आणि टोपीची गोष्ट पाहा. युगानोस तो साधी शिकारी टोपी विकत घेतो आणि विद्यालयाची मानाची टोपी पिशवीच्या तळाशीं कोंबतो. शिमोद्याच्या धक्क्याकडे जातांना ती साधी टोपी एइकिचीच्या डोक्यावर ठेवितो, पिशवींतली काढून तिच्या सुरकुत्या सरळ करतो, आणि दोघे हंसतात. तें हंसणें फार मैत्रीचें आहे. पण त्या दोन टोप्यांनीं कोण कोठें परत चालला आहे हें सांगून टाकलें.

याहून कठीण जागा पुढें आहे. चियोकोचें तान्हें मूल प्रवासांत गेलेलें असतें; त्याचा एकूणपन्नासावा दिवस शिमोद्यास पाळावयाचा, आणि विद्यार्थ्यानें एक दिवस राहून त्यांत सामील व्हावें, अशी त्या मंडळींची इच्छा असते. तो राहत नाहीं. शाळेचें निमित्त सांगतो. खरें कारण पैसे संपले हें. त्या दुःखांत फुलांपुरते पैसे तो देतो आणि निघतो. कवाबाता हें झांकीत नाहींत, आणि त्यांची थोरवी मला येथें दिसते. पण वाचक झांकतात. धक्क्यावर उकिडवी बसलेली, एक शब्द न बोलतां नुसती मान हलविणारी ती मुलगी त्यांस दिसते. ज्या मुलाच्या दिवसास थांबतां आलें नाहीं तें मूल दिसत नाहीं. पहिला इंग्रजी अनुवाद सायडेनस्टिकर यांनीं 1955 सालीं केला तोहि संक्षिप्तच होता. सबंध कथा इंग्रजींत हॉलमन यांच्याकडून 1997 सालीं आली. तेव्हां मधला भाग गाळण्याचें खापर एकट्या रेल्वेवर फोडतां येणार नाहीं.

यावरून मला वाटतें तें असें. गाडीस नांव नर्तकीचें असलें तरी ती जो प्रवास घडविते तो विद्यार्थ्याचा आहे. शहरांतून थकून यावें, ऊन पाण्याच्या झऱ्यांत न्हावें, कोणाच्या तरी साधेपणानें मन हलकें करावें, आणि सुटी किंवा पैसा संपला कीं परतावें. जाण्या-येण्याचें तिकीट पहिल्यापासून खिशांत. काओरुचा प्रवास या गाडीनें कधीं झाला नसता. तिला परतीची वेळ नव्हती; हिंवाळ्यांत ओशिमा बेटावरच्या हाबू बंदरांतल्या घरीं आणि उन्हें तापलीं कीं पुन्हां रस्त्यावर, असा तिचा फेरा होता. रेल्वेच्या टीकेंत चूक आहे ती इतकीच कीं तिनें पात्राचें नांव घेतलें आणि दृष्टि मात्र निवेदकाची ठेविली. शाळेंतले परीक्षार्थी हीच चूक करतात, आणि मी त्यांचे गुण कापतों.

एवढें म्हटल्यावर गाडीच्या बाजूचेंहि सांगितलें पाहिजे. लोक किनाऱ्यानें येऊं लागले म्हणूनच आमागीच्या जुन्या रस्त्याची कोणास तरी आठवण राहिली. विद्यार्थी ज्या दगडी बोगद्यांतून गेला तो 1904 सालीं बांधून झालेला, सुमारें 446 मीटरांचा. आंत थंड पाणी ठिबकतें तें कथेंत आहे. 2001 सालीं सरकारनें तो राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षिला. बोगद्यांतून पायवाट आहे आणि माणसें अजून चालतात. गाडीहि कावाझूस थांबते. तेथून नदीच्या कांठानें वर गेलें कीं युगानो, कवाबाता उतरले तें घर, आणि नदीपलीकडे तें न्हाणें. उतरणाऱ्यांतले पुष्कळ फेब्रुवारींत लवकर फुलणारी तेथली साकुरा पाहून परत स्टेशनावर येतात. कांहीं थोडे वर जात असतील.

किनाऱ्याच्या वाटेनें जाणाऱ्यानें डाव्या अंगास बसावें. आतागावा सोडल्यावर इनातोरीपर्यंत रूळ समुद्राच्या अगदीं कडेनें जातात, आणि स्वच्छ दिवस असला तर पाण्यापलीकडे ओशिमा दिसतें, काओरुचें गांव जेथें होतें तें. मग कावाझू. मग डोंगर, बोगदे, आणि शिमोद्याच्या अलीकडचें शेवटचें स्टेशन, रेंदाइजी. कथेच्या अखेरीस धक्क्यावर एक म्हातारी येते, पाठीशीं व हाताशीं मिळून तीन नातवंडें. तिचा मुलगा रेंदाइजीच्या चांदीच्या खाणींत कामाला होता. 1918 च्या त्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत तो आणि सून दोघेंहि गेलीं. खाणींतले मजूर तिला बोटीपर्यंत पोंचवावयास आलेले असतात आणि विद्यार्थ्यास विनवितात कीं हिला तोक्योंत उएनो स्टेशनावर मितोच्या गाडींत बसवून द्या. तो होय म्हणतो. रेंदाइजी सुटल्यावर शिमोदा कांहीं मिनिटांवर असतें, आणि डब्यांतलीं माणसें उठून फळीवरचें सामान काढूं लागतात.